उभा राहील तो घोडा

कोल्हापुरात स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला 'रेसकोर्स नाका' म्हणून सांगा, तो काही न विचारता तुम्हांला तिथे नेऊन सोडील. उतरल्यावर मात्र रेस शोधू नका नि कोर्सही शोधू नका. दुकाने आहेत, घरे आहेत, रहदारी आहे. संस्थानी अमदानीतल्या घोड्यांची याद तेवढी त्या नावात उरली आहे. माझे उभे आयुष्य या शहरात गेले, पण त्या नाक्यावर मी धावताना पाहिली ती फक्त शाळेला उशीर झालेली पोरे. तरीसुद्धा घोडा कसा पाहावा हे मी शिकलो ते याच गावात, वयाच्या दहाव्या-अकराव्या वर्षी. आणि घोड्यापायी माणूस कसा धुळीला मिळतो हेही याच गावात, त्याच सुमारास पाहिले. दोन्ही धडे मिळाले आणि तब्बल साठ-बासष्ट वर्षांनी साहेबाच्या मुलखात त्यांची परीक्षा झाली. त्या परीक्षेची ही हकिगत.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे मोतद्दार राहत असत. सारे त्यांना आबा म्हणत. शाहू महाराजांच्या काळात पोरवयात ते पागेत लागले. महाराज 1922 साली गेले, पुढे राजाराम महाराजांची कारकीर्द झाली, 1949 च्या मार्चात संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले; आबांच्या लेखी मात्र या साऱ्या घडामोडी म्हणजे पागेतले घोडे कमी कमी होत गेल्याची हकिगत. मी त्यांना पाहिले तेव्हा त्यांच्याजवळ घोडा नव्हता. एक जुना खरारा तेवढा खुंटीला टांगलेला असे. पण रस्त्याने टांगा गेला की हातातली चिलीम बाजूला ठेवून ते तो दिसेनासा होईपर्यंत बघत आणि मग निकाल देत. "मागला डावा पाय उचलंना झालाय. पंधरा दिसांत बसतंय बघा त्ये." पंधरा दिवसांनी तो टांगा खरेच दिसेनासा होई.

"बाळासाब," ते मला सांगत, "घोडं म्होरनं कदी बघू नगा. म्होरनं समदीच देखणी दिसत्यात. बाजूनं बघा, मागनं बघा. आनि हुबं हाय तवा नगा, चालतंय तवा बघा."

मागून का? तर घोड्याचे इंजिन मागे असते. पुठ्ठा भरलेला हवा, पण थुलथुलीत नको. चालताना मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला पाहिजे. खांदा तिरपा हवा. छाती खोल हवी, कारण दमाची कोठी तिथे. शेवटच्या एक-दोन बरगड्या पुसटशा दिसाव्यात. दिसल्या नाहीत तर घोडा सुस्त, सगळ्याच दिसल्या तर उपाशी. कान डोळ्यांबरोबर फिरणारे असावेत. तंग आवळण्यापूर्वीच अंगाला फेस आला असेल, तर त्या जनावराने आपली शर्यत उभ्या जागीच धावून संपवली असे समजावे. आणि उंची? आबा हसत. "उंची काय करायचीया? भीमथडीचं तट्टू बगितलंयसा का? त्येच्यावर बसून आपल्या मानसांनी कुटंवर मजल मारली!" हे वाक्य वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. मी ठेवले नाही.

1956 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. वडील करवीर नगर वाचन मंदिरातून इंग्रजी साप्ताहिकांचे जुने अंक घरी आणीत. त्यांतल्या एका अंकात एक विलक्षण छायाचित्र होते. एक घोडा चारी पाय फाकवून हिरवळीवर पोटावर बसला आहे, वर स्वार तसाच आहे. वडिलांनी सांगितले, की ही इंग्लंडातली ग्रँड नॅशनल नावाची अडथळ्यांची शर्यत. घोडा राणीच्या आईचा, नाव डेव्हन लॉक. शेवटचे कुंपणही पार झाले होते, पुढे कोणी नव्हते, विजयाचा खांब हाकेच्या अंतरावर होता, आणि काही कारण नसताना घोडा असा फतकल मारून बसला. मागून येणारा ई.एस.बी. नावाचा घोडा जिंकून गेला. डेव्हन लॉकचा स्वार होता डिक फ्रान्सिस, जो पुढे घोड्यांच्या शर्यतींवर रहस्यकथा लिहून जगभर गाजला. तो प्रकार कशाने झाला याचा उलगडा आजवर कोणालाच छातीठोकपणे करता आलेला नाही.

मी तो अंक घेऊन आबांकडे धावलो. आबांनी चित्र उलटसुलट करून पाहिले. "दमलेलं न्हाई ह्ये," ते म्हणाले. "दमलेल्या घोड्याची मान अशी ताठ ऱ्हातीया व्हय? कायतरी ऐकलं आसंल. बुजलंय." पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की खुद्द फ्रान्सिसलाही राजघराण्याच्या घोड्यासाठी उसळलेल्या लोकांच्या आरोळीचाच संशय होता. कोल्हापूरच्या गल्लीतून आबांनी केलेले ते निदान आठवले आणि अंगावर काटा उभा राहिला.

आता दुसरा धडा. माझे धाकटे काका, भाऊकाका, एका कचेरीत कारकून होते. माणूस बुद्धीने तल्लख, स्वभावाने गोड, आणि घोड्याची नजर म्हणाल तर आबांच्या खालोखाल. पावसाळा लागला की पुण्याचा मोसम सुरू होई. मग आठवड्याच्या अखेरीला रजा टाकून काका रात्रीच्या पॅसेंजरने पुण्याला. परत येत तेव्हा कधी आम्हां मुलांना पेढे, कधी नुसतीच दाराची कडी. पहिल्या वर्षी काकूच्या पाटल्या गेल्या. दुसऱ्या वर्षी गोठ गेले. तिसऱ्या वर्षी घरातला त्यांचा हिस्सा वडिलांनी कर्ज काढून विकत घेतला, म्हणून ते बाहेरच्या सावकाराच्या घशात गेले नाही. त्या रात्री आईने मला देवापुढे उभे केले आणि अंबाबाईची शपथ घालून वदवून घेतले, की घोड्यावर कधी एक पैसा लावणार नाही. मी तेव्हा इंग्रजी पहिलीत होतो. माझ्याजवळ पैसाही नव्हता आणि घोडाही नव्हता.

काका गेले त्यानंतर त्यांच्या ट्रंकेत एक जाड पुठ्ठ्याची वही सापडली. तारखेवार प्रत्येक शर्यत, प्रत्येक घोडा, जमीन ओली की कोरडी, स्वार कोण, लावलेले किती, आलेले किती. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. आकडे दिसले की बेरीज मारल्याशिवाय राहवत नाही. ती मारली आणि चाट पडलो. काकांचा अंदाज वाईट नव्हताच! दर तीन-साडेतीन घोड्यांमागे त्यांचा एक घोडा पहिला येत होता. ही नजर सामान्य नव्हे. मग पाटल्या गेल्या कुठे?

त्या गेल्या भावात. सोपा हिशेब मांडू. समजा, दहा शर्यतींत प्रत्येकी दहा रुपये लावले, शंभर गेले. त्यांतले तीन घोडे जिंकले. पण ते साऱ्यांनाच आवडलेले, म्हणून भाव दीडपट. म्हणजे दहाचे मुद्दल धरून पंचवीस परत. पंचवीस त्रिक पंचाहत्तर. तीन वेळा जिंकून माणूस पंचवीस रुपयांनी बुडाला! हेच भाव तिप्पट असते तर एकशेवीस आले असते. त्यातून बुकी जे भाव देतो ते असे बेतलेले असतात, की साऱ्या घोड्यांच्या जिंकण्याच्या संभवांची बेरीज केली तर ती शंभराच्या वर भरावी. ती वरची रक्कम त्याची पोळी. टोटवर जा, तर आधी क्लबाचा नि सरकारचा वाटा कापून मग उरलेले वाटतात. काका घोडा पारखीत, भाव पारखीत नसत. आणि दुसरे असे, की इतक्या लांब आलोच आहोत तर एकही शर्यत रिकामी जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा हट्ट. वहीत 'समजत नाही' असा शेरा मारलेल्या शर्यतींतही पैसे लावलेले दिसतात. त्या ओळी वाचताना मला काकांचा राग आला नाही. त्या दिवशी रिकाम्या हाताने परत यायचे आणि काकूपुढे उभे राहायचे, या कल्पनेने तो माणूस किती घाबरला असेल, एवढेच मनात आले.

मी मात्र शपथ पाळली. पैसा कधी लावला नाही. पण विषय सुटला नाही; आणि मुंबई-पुण्याच्या सपाट शर्यतींपेक्षा माझे मन त्या फतकल मारलेल्या घोड्याच्या मुलखात, अडथळ्यांच्या शर्यतीत जास्त अडकले. इंग्रजांच्या काळात कलकत्त्याला टॉलीगंजमध्ये अशा शर्यती होत. आज आपल्याकडे घोडे उड्या मारतात ते बहुधा लष्कराच्या वा स्वारीच्या क्लबांच्या स्पर्धांत, एकेकटे. वीस-तीस घोडे एकदम कुंपणावर झेपावतात ते दृश्य पाहायला आयर्लंड-इंग्लंडच गाठले पाहिजे. प्रकार मुळात आयर्लंडातला. 1752 साली कॉर्क परगण्यात दोघा गृहस्थांनी पैज लावली आणि बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, कळस नजरेसमोर ठेवून, मधली शेते, बांध, ओढे ओलांडीत सुमारे साडेचार मैल घोडे पिटाळले. कळसाला इंग्रजीत 'स्टीपल' म्हणतात, म्हणून शर्यतीचे नाव पडले स्टीपलचेस.

2018 साली मुलीने आम्हां दोघांना इंग्लंडला बोलावले. ती मँचेस्टरला असते. एप्रिलची 14 तारीख, शनिवार. "बाबा, जन्मभर बोलत आलात, आता बघा तरी," म्हणून तिने तिकिटे काढून ठेवली होती. लिव्हरपूलच्या अंगाला एन्ट्री नावाचे ठिकाण आहे. नावात प्रवेश असला तरी प्रवेशाचे तिकीट जबर. 1839 पासून ग्रँड नॅशनल तिथेच नांदते आहे. अंतर सुमारे सात किलोमीटर. सोळा कुंपणे, त्यांतली चौदा दोनदा ओलांडायची, म्हणजे एकंदर तीस उड्या. आपली डर्बी 2,400 मीटरची, ती संपते तिथे या घोड्यांचे अंग कुठे गरम व्हायला लागते.

आदल्या रात्री जेवणे आटोपल्यावर मी शर्यतीचे पुस्तक, चष्मा आणि पेन्सिल घेऊन बसलो. काकांची वही सोबत आणली होती; मागची काही पाने कोरी होती. सौ. म्हणाली, "अहो, परदेशात येऊनसुद्धा परीक्षेचे पेपर तपासताय का?" एका अर्थी तसेच होते. सपाट शर्यतीत विचारायचे असते, की सर्वांत वेगवान कोण? अडथळ्यांच्या शर्यतीत हा प्रश्न सर्वांत शेवटी. आधी विचारायचे, की कोण पडेल, कोण बिथरेल, कोणाचा दम मध्येच सरेल? त्यांच्या नावांवर काट मारीत जायचे. शेवटपर्यंत पायांवर उभे राहतील असे जे पाच-सहा उरतात, त्यांतून निवड.

पहिली चाळणी पूर्वेतिहासाची. प्रत्येक घोड्याच्या नावापुढे आकड्यांची नि अक्षरांची एक माळ असते. सर्वांत उजवीकडचे चिन्ह सर्वांत ताजे. 1, 2, 3 हे पोचण्याचे क्रम. 'एफ' म्हणजे घोडा पडला. 'यू' म्हणजे घोडा उभा राहिला पण स्वार उडाला. 'पी' म्हणजे स्वाराने मध्येच थांबवला. 'आर' म्हणजे घोड्याने उडी नाकारली. आणि 'बी' म्हणजे दुसरा कोणी पुढ्यात पडला म्हणून हा बिचारा आडवा झाला. नवखा माणूस 'एफ' आणि 'बी' दोन्हींवर सारखीच फुली मारतो. ते चूक. 'बी'वाल्याचा दोष एवढाच, की तो वाईट शेजारात सापडला. उलट दोन-तीन 'एफ' ओळीने असतील तर त्या घोड्याला उडीचे अंतर मोजता येत नाही, आणि तीस वेळा नशिबाने वाचणे कठीण.

कारण उडी ही ताकदीची बाब थोडी आणि हिशेबाची जास्त. कुंपण जवळ येता येता घोड्याला शेवटची दोन-तीन पावले लांबवावी किंवा आखडावी लागतात. हुशार घोडा पाऊल चुकले तर चिमुकले पाऊल मध्ये घालून सावरतो. गर्विष्ठ घोडा लांबूनच झेप टाकतो; पहिल्या वीस कुंपणांना ती फार शोभून दिसते, पण दमल्यावर तीच त्याला आडवी करते. त्यातून एन्ट्रीची कुंपणे सूचिपर्णी झाडांच्या फांद्यांनी मढवलेली. 'द चेअर' नावाचे सर्वांत उंच कुंपण पाच फूट दोन इंचांचे. 'बेचर्स ब्रुक'ला उतरण्याची जमीन चढण्याच्या जमिनीपेक्षा खाली. पायरी आहे समजून पाऊल टाकावे आणि ती नसावी, तसे घोड्याचे होते. 1839 साली बेचर नावाचा कॅप्टन तिथल्या ओढ्यात पडला, त्याचे नाव अजून त्या ओढ्याला आहे. पडूनही अमर होण्याचा मान फार थोड्यांना मिळतो!

दुसरी चाळणी अंतराची. तीन मैलांच्या पलीकडे जो कधी धावला नाही त्याच्यावर काट. तिसरी वयाची: आठ ते अकरा वर्षांचे घोडे इथे पुन्हा पुन्हा जिंकलेले आहेत. सात वर्षांचा घोडा 1940 नंतर जिंकला नव्हता. पुढे 2022 साली नोबल येट्स नावाच्या घोड्याने तो समजही खोटा पाडला. चौथी चाळणी वजनाची. ही हँडिकॅप शर्यत. चांगल्या घोड्यावर जास्त ओझे, कमअस्सलावर कमी. स्वार हलका असला तर खोगिराच्या खिशात शिसे घालून वजन पुरे करतात. जाणते लोक लांबच्या शर्यतीत एका पौंडाला एक घोड्याची लांबी असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे घोड्यांची तुलना करताना त्यांच्या पाठीवरचे पौंडही मांडले पाहिजेत. आपल्याकडे लग्नाच्या स्थळांची तुलना करताना ही पद्धत वापरली तर बऱ्याच मुलांवर अन्याय टळेल, असे मी म्हणालो. मुलीने जावयाकडे पाहिले.

पाचवी चाळणी जमिनीची, आणि तिचे महत्त्व अतोनात. त्या वर्षी पाऊस इतका झाला होता, की धावपट्टीत पाय रुतत होते. कोरड्या जमिनीवर वाऱ्यासारखा जाणारा घोडा चिखलात दोन मैलांत हैराण होतो. उलट काही घोडे चिखल लागल्याशिवाय जागेच होत नाहीत. शर्यतीचे अधिकारी जमिनीत काठीसारखे यंत्र खुपसून तिचा घट्टपणा मोजतात. आबा टाच रोवून वळवीत आणि खड्ड्यात पाणी येते का बघत. दोघांचा निकाल बहुधा एकच लागला असता.

रात्री साडेअकरापर्यंत माझ्यापाशी तीन नावे उरली. टोटल रिकॉल: साऱ्या इंग्लंडचा आवडता, भाव एकास सात. अनिबाली फ्लाय: महिन्यापूर्वीच चेल्टनहॅमच्या गोल्ड कपात तिसरा आलेला, मोठ्या दर्जाचा, म्हणून वजनही भारी. आणि टायगर रोल. या तिसऱ्याची कुंडली मजेदार होती. बाप 2007 च्या एप्सम डर्बीचा विजेता, म्हणजे घराणे सपाटीचे. पोरगा मात्र सपाटीवर एकदाही न धावता दहा हजार पौंडांना विकला गेला. मग तो उड्या मारू लागला. 2014 साली चेल्टनहॅमला चार वर्षांच्या घोड्यांची मानाची शर्यत जिंकला, 2017 साली तिथलीच चार मैलांची जिंकला, आणि आता महिन्यापूर्वी बांध, ताली, वळणे असलेली रानवाटेची शर्यतही जिंकून आला होता. चाळणीत त्याला कुठेच अडकवता येईना.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारीच पोचलो. सौ.ने नऊवारी सोडून पाचवारी, वर लोकरी कोट, खाली कॅनव्हासचे बूट असा वेष केला होता. भोवती डोक्यावर पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका घोट्यापर्यंत चिखलात ठामपणे वावरत होत्या. शर्यतीआधी घोड्यांना एका गोल कुंपणात फिरवतात. गर्दीतून वाट काढून मी पुढे उभा राहिलो आणि आबांनी सांगितल्याप्रमाणे बाजूने पाहिले, मागून पाहिले, चालताना पाहिले. माझ्या तीन नावांपैकी दोघे बघताक्षणी मनात भरले. नंतर टायगर रोल आला आणि मी चक्क हसलो. एवढासा घोडा! चार इंचांचा एक 'हात' या मापाने पंधरा हात दोन इंच, म्हणजे खांद्याशी पुरता साडेपाच फूटही नव्हे. भोवतालच्या धिप्पाड मंडळींत तो पाहुण्यांच्या पंगतीत चुकून बसलेल्या मुंजाबाळासारखा दिसत होता. मालकाने म्हणे त्याला कौतुकाने उंदीर म्हटले होते. चाल सुरेख होती, मागचा पाय पुढच्या ठशाच्याही पुढे पडत होता, अंग कोरडे, कान हलते. सगळे दिसत होते. पण ही पाच फुटांची कुंपणे, हा चिखल, हे सात किलोमीटर! मी पेन्सिलीने त्याच्या नावावर काट मारली आणि वहीत लिहिले: अनिबाली फ्लाय.

अडतीस घोडे सुटले. तो आवाज मला अजून नीट सांगता येत नाही. आधी जमिनीतून पायांना कळतो, मग कानांना. पहिल्या फेरीत जे पडले त्यांतले काही मोकळेच, स्वाराविना, इतरांबरोबर उड्या मारीत धावत राहिले. सौ.ने माझा दंड धरला होता. "उठला का हो तो? तो मघाचा, तांबडा?" ती सारखी विचारत होती. तिचे बघणे जिंकणाऱ्यांकडे नव्हतेच. आणि तिला दोष कसा देऊ? 2012 च्या शर्यतीत दोन घोडे जिवानिशी गेले. त्यानंतर कुंपणांच्या आतले लाकडी गाभे काढून लवचीक प्लॅस्टिकचे बसवले, जमिनी सारख्या केल्या. 2024 पासून घोड्यांची संख्या चाळिसावरून चौतिसावर आणली. धोका कमी झाला, संपला नाही. आमच्या भागातल्या बैलगाड्यांच्या शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, 2021 अखेर पुन्हा परवानगी मिळाली, 2023 साली घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्या साऱ्या वर्षांत मी कट्ट्यावर शर्यतींच्या बाजूने तावातावाने बोलत असे. त्या दिवशी दंडावरच्या त्या बोटांपुढे माझ्यापाशी काही युक्तिवाद नव्हता. मघाचा तांबडा उठून उभा राहिला, तेव्हा आम्ही दोघांनीही श्वास सोडला.

दुसऱ्या फेरीत घोडे भराभर गळू लागले. माझ्या यादीतला टोटल रिकॉल मध्येच थांबवला गेला. निम्म्याहून बरेच अधिक घोडे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत. आणि पुढे कोण, तर तो उंदीर! प्रत्येक कुंपणापाशी तो पाऊल आखडी, टुणकन् पलीकडे जाई आणि उतरताच धावायला मोकळा. उंच घोड्यांना दमल्यावर स्वतःचेच अंग जड झाले होते. याला उचलायचे अंगच थोडे. शेवटचे कुंपण पार करून तो बऱ्याच लांब्यांनी पुढे निघाला. पण त्यापुढे साडेचारशे मीटरची सरळ धाव असते, आणि तीत कित्येकांची आयुष्ये पालटली आहेत. मागून प्लेझंट कंपनी नावाचा घोडा अंतर खाऊ लागला. सहा लांब्या, चार, दोन. मला डेव्हन लॉकचे ते चित्र दिसू लागले. मी माझा घोडा विसरलो, काट विसरलो आणि ओरडलो, "आता बसू नको रे बाबा!" तेही मराठीत, अस्सल कोल्हापुरी सुरात. दोघे एकदमच खांबापाशी पोचले. छायाचित्र तपासून निकाल सांगितला: टायगर रोल, फक्त डोक्याच्या अंतराने. स्वार डेव्ही रसेल, वय अडतीस. माझा अनिबाली फ्लाय चौथा.

परतीच्या वाटेवर स्टेशनात मुलीने माझ्या हातात काही पौंड ठेवले. तिने मला न सांगता माझ्या वहीतल्या घोड्यावर 'प्लेस'चे दोन पौंड लावले होते, आणि पहिल्या चारांत आला म्हणून ते वाढून परत आले होते. मी हात मागे घेतला. "आईची शपथ आहे," म्हणालो. "शपथ तुमची होती बाबा, माझी नव्हती," मुलगी म्हणाली. आम्ही दोघे त्यावर वाद घालीत उभे राहिलो तोवर सौ.ने ते पैसे उचलले आणि समोरच्या दुकानातून बटाट्याचे गरम चिप्स आणले. थंडीत ते फार छान लागले. शपथ मोडली की नाही, याचा निर्णय मी अंबाबाईवर सोपवला आहे.

रात्री वही उघडली. काकांच्या अक्षराखाली माझ्या अक्षरात त्या दिवसाची नोंद केली. 'टायगर रोल. भाव एकास दहा. उंचीमुळे सोडला.' आणि मग आबा आठवले. भीमथडीचे तट्टू! सोनतळी, पन्हाळा, पंचगंगेकाठच्या या मुलखातला मी माणूस. लहान घोड्यांवर मोठ्या मजला मारल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेला. साहेबाच्या बागेत उंच घोडे पाहिले आणि सारे विसरलो.

पुढल्या वर्षी, 2019 च्या एप्रिलात, कोल्हापुरात टीव्हीपुढे बसलो होतो. टायगर रोल पुन्हा धावणार होता. या वेळी पाठीवर सहा पौंड अधिक, आणि भाव पडून एकास चार. चाळीस घोडे, तीस उड्या, आणि भाव एकास चार! काकांच्या वहीने मला जे शिकवले त्याप्रमाणे हा भाव घेणे शुद्ध वेडेपणा होता. मी वहीत ठळक लिहिले: 'घोडा उत्तम. भाव वाईट. सोडावा.' तो पुन्हा जिंकला. 1973 नि 1974 साली रेड रमने ओळीने दोनदा जिंकली होती, त्यानंतर असे करणारा हाच पहिला. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजींनी लावले असते हो यावर."

लावले असते, यात शंका नाही. आणि त्याच दिवशीच्या बाकीच्या सगळ्या शर्यतींवरही.

वहीची अजून काही पाने कोरी आहेत. दर एप्रिलला मी ती बाहेर काढतो, चष्मा पुसतो आणि चौतीस नावांवर काट मारायला बसतो. हल्ली ग्रँड नॅशनल आपल्या रात्री साडेआठला सुरू होते, त्यामुळे त्या दिवशी आमच्याकडे जेवणे लवकर आटोपतात.